डोंगराचे पाणी आणि किनाऱ्याचे कर्तव्य

उन्हाळा लागला म्हणजे आमच्या वसई प्रांती नळाची चर्चा सुरू होते. पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, कोणत्या आळीस मिळाले व कोणत्या आळीस मिळाले नाही, ह्या वार्ता सांडोरच्या चर्चच्या आवारापासून वसई रोडच्या फलाटापर्यंत सर्वांच्या तोंडी असतात. हे पाणी अपुरे आहे, ही तक्रार खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु इतक्या चर्चेत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हे पाणी कोणाच्या अंगणातून आले, आणि ज्याच्या अंगणातून आले त्याच्या घरी ते आहे काय? हा प्रश्न आज आम्ही सांडोरात बसून आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. ह्यात आमचीही झडती आहे, हे जाणूनच ठेवीत आहो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी जुन्या ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. सागरी, नागरी आणि डोंगरी असे ज्या ठाणे जिल्ह्याचे वर्णन लोक करीत, त्याची ही तिन्ही अंगे नव्या जिल्ह्याच्या वाट्यास आली. तालुके आठ: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ह्या मुलखाची वस्ती सुमारे ३० लाख, आणि तीत शंभरांतील ३७ माणसे अनुसूचित जमातींची. एवढ्याशा पट्टीत इतके भिन्न लोक एकत्र नांदतात, अशी उदाहरणे महाराष्ट्रात फार थोडी सापडतील.

प्रथम किनाराच पाहू. कोळी, मांगेले, वैती, भंडारी, आगरी, वाडवळ, सामवेदी ब्राह्मण, कुपारी व इतर ख्रिस्ती बांधव हे सर्व एकाच खाडीचे पाणी पाहत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने मोठी किंमत मोजून किल्ला घेतला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी ह्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून मराठी राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. राज्ये आली नि गेली, किल्ल्यावरील निशाणे बदलली, कित्येकांचे धर्मही बदलले. पण सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती आजही घरात एकच बोली बोलतात, जिला कादोडी असे म्हणतात. बोली एक, देव्हारे दोन, आणि वाडीचा बांध सामाईक! भिन्नता हीच भांडणाची जननी होय असे जे पंडित सांगतात, त्यांनी एकवार ह्या बांधावर येऊन उभे राहावे.

आता पूर्वेस दृष्टी वळवू. रेल्वेचा रूळ ओलांडून, महामार्ग मागे टाकून वर चढू लागले म्हणजे वारली, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी ह्यांचा मुलूख लागतो. ह्या मुलखात जव्हारचे राज्य होते. त्याचा मूळपुरुष जयबा मुकणे. त्याच्याविषयी एक कथा जुन्या सरकारी गॅझेटियरातही नमूद आहे. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने मागितली, व होकार मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या लांबवर पसरल्या आणि भलामोठा मुलूख आपलासा केला! कथेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनी ठरवावा. मुकण्यांचे राज्य मात्र चौदाव्या शतकापासून चालत आले आणि १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. राजा कोळी, प्रजा वारली-कोकणा, कारभारात पांढरपेशे, आणि शेजारी कधी सुलतान, कधी पोर्तुगीज, कधी पेशवे. असे एक बहुजिनसी डोंगरी राज्य आमच्या उशाशी सहा शतके उभे होते. पण वसईच्या मुलांस चिमाजी अप्पा ठाऊक, आणि जयबा मुकणे हे नाव ऐकूनही ठाऊक नाही. शेजाऱ्याचे नावच जेथे कानी पडले नाही, तेथे त्याचे गाऱ्हाणे कोठून पडणार?

ती कातड्याची कथा ह्या डोंगराच्या पुढील इतिहासाशी विलक्षण जुळते. फरक इतकाच की, पुढे कातडे कापणारे हात दुसऱ्यांचे होते. १८७८ साली जंगलाचा कायदा झाला व रान सरकारचे झाले. त्याच साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा होऊन मोहाच्या दारूवर मक्ता बसला. कर फेडण्यास नाणे हवे, नाणे सावकाराजवळ, आणि सावकाराच्या वहीतील रेघ वाचणारा गावात कोणी नाही. अशा रीतीने एका अंगठ्यापुढे दुसरा अंगठा उमटत गेला आणि जमिनीचा धनी आपल्याच जमिनीवर कूळ झाला, कुळाचा वेठबिगार झाला. लग्नापुरते चार पैसे उचलले म्हणून नवरा-बायकोने जन्मभर धन्याच्या घरी राबावे, ह्या प्रकारास ‘लग्नगडी’ असे नाव होते. ज्या समाजात गुलामीस मंगल कार्याचे नाव मिळते, त्या समाजाच्या विवेकास काय म्हणावे? इंग्रज सरकारच्याच सिमिंग्टन नामक अधिकाऱ्याने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ह्या मुलखातील वेठीचे व जुलमाचे वर्णन केले. पण अहवाल दप्तरात राहिला आणि वेठ शेतात राहिली.

ती हलविली वारल्यांनीच. मे १९४५ मध्ये झरी गावी ते हजारोंनी जमले. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या किसान सभेच्या पाठिंब्याने त्यांनी ठरविले की, खाजगी शेतावर वेठ करावयाची नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडे येथे जमावावर गोळीबार होऊन माणसे मेली. गोदावरीबाईंनी ह्या लढ्याची हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहून ठेविली आहे. आमचा मुद्दा असा की, ह्या लढ्यात एका बाजूस कोण होते आणि दुसऱ्या बाजूस कोण होते, हे नीट पाहावे. जमीनदारांत हिंदू होते, पारशी-इराणी होते, मुसलमानही होते. वारल्यांनी धन्याचा देव कोणता हे विचारले नाही. मजुरीचा दर काय, एवढेच विचारले. जातींची व धर्मांची इतकी गर्दी असूनही भांडण धर्माचे झाले नाही, कारण दुखणे धर्माचे नव्हते. ते जमिनीचे, मजुरीचे आणि मानाचे होते.

हे निदान केवळ आमच्याच मुलखास लागू पडते असे नाही. रशियाच्या दक्षिण टोकास, काकेशस पर्वताच्या उतारावर, कास्पियन समुद्राच्या काठी दागेस्तान नावाचे प्रजासत्ताक आहे. त्याचा विस्तार आमच्या जिल्ह्याहून कितीतरी मोठा, पण वस्ती आमच्याप्रमाणेच ३० लाखांच्या आसपास. तीत आवार, दार्गीन, कुमिक, लेझ्गीन, लाक, नोगाई असे तिसाहून अधिक लोकसमूह, आणि बहुतेकांची भाषा निराळी. डोंगर चढावा तशी बोली बदलावी, असा तो प्रदेश. रशियाच्या झारशी इमाम शामिलने तेथे पाव शतक झुंज दिली व १८५९ साली गुनिबच्या माथ्यावर तो शरण गेला. पण ह्या प्रदेशाच्या अलीकडील कलहाचे मूळ त्या लढाईत सापडत नाही, ते एका सरकारी हुकमात सापडते.

फेब्रुवारी १९४४ मध्ये सोव्हिएत सरकारने चेचेन लोकांस सरसकट उचलून मध्य आशियात नेऊन टाकले. त्यांत दागेस्तानच्या औख भागातील चेचेनही होते. त्यांच्या रिकाम्या घरांत डोंगरावरून लाक लोकांस आणून बसविले. ते लाकही स्वखुशीने आले नव्हते. त्या भागाचे नावच बदलून नोव्होलाक ठेविले. पुढे १९५७ पासून चेचेन परतू लागले, तो आपल्याच घरात दुसऱ्याची चूल पेटलेली! १९९१ साली ठरले की, जमीन चेचेनांस परत द्यावी व लाकांस मखचकला शहराजवळ सपाटीवर नवी जागा द्यावी. तेव्हा सपाटीवरचे कुमिक म्हणाले, ती जमीन आमची! तीन समाज एकमेकांसमोर उभे राहिले, आणि मूळ हुकूम त्या तिघांपैकी एकाचाही नव्हता. पुढे १९९४ च्या राज्यघटनेने तेथे चौदा लोकसमूहांचा एकेक सभासद असे चौदा जणांचे राज्यमंडळ नेमले. ते २००६ पर्यंत चालले. खुर्च्यांची ही वाटणी शहाणपणाची होती, ह्यात शंका नाही. पण खुर्ची वाटल्याने जमीन वाटली जात नाही, आणि न विचारता घेतलेल्या वस्तूचा सल सभागृहातील आसनाने जात नाही.

आमच्या जिल्ह्यातही खुर्च्या वाटल्या आहेत. विधानसभेच्या सहा जागांपैकी डहाणू, विक्रमगड, पालघर व बोईसर ह्या चार जागा अनुसूचित जमातींस राखीव. लोकसभेची जागाही तशीच राखीव. हे योग्यच आहे. पण ह्या आसनांखाली डोंगराची स्थिती काय आहे? १९९२-९३ साली जव्हारकडील वावर-वांगणी येथे मुले कुपोषणाने दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, मंत्री आले, योजना निघाल्या. २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तीच वार्ता आली. मध्ये चोवीस वर्षे गेली, नवा जिल्हा झाला, पण भूक जुनीच राहिली. दिवाळी सरली म्हणजे जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे पोरेबाळे व भांडीकुंडी घेऊन खाली उतरतात. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर व इमारतींच्या कामांवर ती पावसाळ्यापर्यंत राहतात. हाती घेतलेली उचल फेडता फेडता हंगाम सरतो. लग्नगडी गेला, उचल राहिली. आमच्या नालासोपाऱ्याच्या, विरारच्या उंच उंच इमारतींत ज्या विटा आहेत, त्या विटा थापणाऱ्या हातांची नोंद कोठल्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत कोणी पाहिली आहे काय?

आणि आता पाण्याकडे येऊ. सूर्या नदीवर धामणी येथे धरण व त्याखाली कवडास येथे बंधारा झाला, तो मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीस पाणी मिळावे म्हणून. पुढे शहरे वाढली आणि पाण्याचा ओघ शहरांकडे वळला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या दररोज ४०३ दशलक्ष लिटरांच्या योजनेत १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी व २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी ठरले. वसई-विरारच्या वाट्याचे हे पाणी २०२३ च्या अखेरीस येऊ लागले. त्या दिवशी आमच्याकडे आनंद झाला, आणि तो आनंद स्वाभाविकच होता. तिकडे वैतरणेवर एकामागून एक धरणे होऊन मुंबईची तहान भागली. त्यांतील मध्य वैतरणा धरण तर मोखाडे तालुक्याच्याच कुशीत उभे राहिले. त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. विहिरीत टँकर रिता झाला म्हणजे बायका हंडे घेऊन धावतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण जणू ह्या तालुक्यासाठीच जन्मास आली!

येथे कोणी म्हणेल की, ही तर निसर्गाची गोष्ट. डोंगरावर खडक, पाणी वाहून जाते, त्यास कोण काय करणार? हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. जे पाणी कित्येक मैल लोखंडी नळांतून वाहून नेता येते, ते दोन मैलांवरील पाड्यास चढविता येत नाही, हा निसर्गाचा दोष नव्हे. तो क्रमाचा दोष आहे. प्रथम कोणाचा घसा, हे ठरविणारा कागद जेथे लिहिला जातो, त्या खोलीत मोखाड्याचा माणूस नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या वसईकर वाचकांस हे वाक्य परिचयाचे वाटेल, आणि वाटावेच. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तेव्हा गावकऱ्यांचा मुख्य आक्षेप कोणता होता? आम्हांस न विचारता आमचे गाव कसे घेतले! ह्या एका प्रश्नावर माणसे रस्त्यावर आली, २०१० च्या मार्चमध्ये लाठ्याही खाल्ल्या, निवडणुकीचे निकाल फिरले, २०११ साली २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली, आणि प्रकरण न्यायालयात जाऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यापूर्वी हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने वाड्या, विहिरी व बावखले वाचविण्यासाठी जी चळवळ केली, तिचाही गाभा हाच होता. आमच्या भूमीचा निकाल आमच्या संमतीवाचून लावू नका. हे तत्त्व सांडोरला लागू आहे, तर मोखाड्याला का नाही? बावखल वाचविताना जे न्याय्य, ते नदी नेताना अन्याय्य कसे होईल? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ह्या न्यायाने चळवळी चालत नाहीत.

हा प्रश्न केवळ डोंगराचाही राहिलेला नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींहून अधिक. मच्छीमारांचा विरोध मात्र त्याच्याही फार पूर्वीपासूनचा. त्याच डहाणू तालुक्याचे नाजूक पर्यावरण राखण्यासाठी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्वतंत्र प्राधिकरण नेमावे लागले होते, हे विसरता कामा नये. आज नदीबाबत वसई गप्प राहिली, तर उद्या समुद्राबाबत मांगेल्यांच्या बाजूने कोण बोलेल? आणि परवा वसईच्या बाजूने कोण?

न विचारता घेत राहण्याचा परिणाम केवळ दारिद्र्यात होत नाही. विश्वासाचा झरा आटतो, आणि जेथे विश्वास आटतो तेथे अफवेस पूर येतो. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक ह्यांस जमावाने ठार मारले. हे कृत्य घोर होते. त्याचे समर्थन कोणत्याही दारिद्र्याने वा कोणत्याही भयाने होऊ शकत नाही, आणि अपराध्यांस शासन झालेच पाहिजे. पण चोर व मुले पळविणारे फिरत आहेत, ह्या अफवेने रात्री जागविलेल्या त्या गावाकडे पाहताना देशभरच्या लोकांनी काय केले? ज्याने त्याने आपापल्या धर्माचा चष्मा लावून आपल्यास हवे ते पाहिले. भीती कोठून आली, पाड्यावर शासन नावाची वस्तू पूर्वी कधी, कोणत्या रूपाने येत असे, हे विचारणारे थोडे. रोगाचे नाव चुकले की औषधही चुकते.

प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. वसई-विरार शहराची वस्ती २०११ सालीच १२ लाखांवर गेली होती. तीत कोकणातून, घाटावरून, उत्तर हिंदुस्थानातून आलेली गरीब माणसे आहेत. चाळीच्या एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या ह्या कुटुंबांनी पाणी पिऊ नये काय? अवश्य प्यावे. शहराचा नळ तोडा असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. तहानेस तहान भिडविणे हे सुधारकांचे काम नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, घेणाऱ्याने देणे लागतो हे मान्य करावे, आणि ते देणे भाषणांत नव्हे, हिशेबात दिसावे.

ते कसे दिसेल? पहिली गोष्ट, ज्या खोऱ्यातून पाणी उचलले जाते त्या खोऱ्यातील प्रत्येक पाड्यास नळ पोहोचल्याखेरीज शहराच्या योजनेची पुढील वाढ मंजूर होऊ नये. पहिला नळ उगमापाशी, शेवटचा नळ शहरात, असा क्रम असावा. दुसरी गोष्ट, शहरातील पाणीपट्टीचा ठराविक अंश उगमाकडील ग्रामसभांच्या हाती थेट जावा. ती खैरात नव्हे, तो मोबदला होय. तिसरी गोष्ट, १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा ह्यांनी ग्रामसभेस जे अधिकार दिले, ते अधिकार केवळ ठरावाच्या वहीवर अंगठे घेण्यापुरते उरू नयेत. वसई तालुक्यातीलही काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, तेव्हा हा परक्या गावचा कायदा नव्हे. चौथी गोष्ट आमच्या शाळांची. वसईच्या मुलाने जव्हारचा इतिहास शिकावा आणि वारली मुलाने पहिल्या इयत्तेत आपल्याच बोलीत अक्षर गिरवावे. ह्यास फार पैसा लागत नाही. ज्यास कादोडी बोलीचा अभिमान आहे, त्याने वारली बोलीस हसू नये, ह्यास तर एक पैही लागत नाही.

ह्या चार गोष्टींपैकी पहिल्या तीन सरकारने करावयाच्या, हे खरे. पण सरकार ऐकते ते मतदारसंख्येचे, आणि ती संख्या आज आमच्या बाजूस आहे. डोंगर बोलला तर त्यास मागणी म्हणतात. किनारा डोंगरासाठी बोलला तर त्यास न्याय म्हणतील. दागेस्तानात तीन समाज एकमेकांशी भांडत राहिले आणि मूळ हुकूम देणारे नामानिराळे राहिले. आमच्याकडे तशी वेळ आलेली नाही. येऊ नये अशी इच्छा असेल, तर वसईकराने आपल्या ग्रामसभेत, आपल्या प्रभागात, मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, आमच्या नळास किती वाजता पाणी येईल ह्याबरोबरच मोखाड्याच्या पाड्यास ते कधी येईल, हेही विचारण्यास आरंभ करावा. पुढच्या उन्हाळ्यात नळाची चर्चा होईल, ती तरी ह्या दुसऱ्या प्रश्नावाचून होऊ नये.